दत्तक लेकीचा स्नानसंस्कार आणि रजिस्टरातला शेरा: माझा अनुभव

माझ्या दत्तक मुलीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, होऊन आता बरेच महिने झाले. समारंभ छान झाला, पाहुणे जेवून समाधानाने गेले. तरी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, ऑफिसाबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रजिस्टरातल्या एका रकान्यापायी तिथे जे जे ऐकून घ्यावं लागलं ते विसरता येत नाही. ऑफिसाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच चर्चमध्ये आम्ही दर रविवारी मिस्साला (उपासनेला) जातो आणि जात राहणार आहोत. पण दत्तक मूल घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या ख्रिस्ती जोडप्यांचे हल्ली मला फोन येतात. प्रत्येकीला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

दत्तक प्रक्रियेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. कारा, म्हणजे दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवरची नोंदणी, समाजसेविकेची घरभेट, मग लांबलचक वाट, हे सगळं आमचं सरळ पार पडलं. एकच गोष्ट सांगते, कारण आपल्याच लोकांना ती ठाऊक नसते. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती जोडप्याच्या हाती काय, तर 1890 चा पालक-पाल्य कायदा. मूल घरात वाढायचं, पण कागदावर ते पाल्यच, म्हणजे नुसतं सांभाळायला दिलेलं. ते सज्ञान झालं की कागदावरचं नातं संपलं. वसईत आमच्या नात्यातल्या एका मावशीने असा मुलगा वाढवला. शेवटच्या आजारपणात तिचं सगळं त्यानेच केलं, आणि वाडीच्या वाटणीच्या वेळी भाऊबंद म्हणाले, ह्याचा संबंध काय? पुढे 2000 च्या बाल न्याय कायद्याने वाट मोकळी केली, 2006 च्या दुरुस्तीने ती आणखी स्पष्ट झाली, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला ह्या कायद्याखाली मूल दत्तक घेता येतं हे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आताच्या 2015 च्या कायद्याचं कलम 63 तर पाठच करा. दत्तक आदेश झाल्या दिवसापासून ते मूल सर्व अर्थांनी दत्तक आईबापांचं, जणू त्यांच्याच पोटी जन्मलेलं. मला पुढे ह्या कलमाचा फार उपयोग झाला.

कागदपत्रं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर रागाच्या भरात राहून जातील. मुलीचा नवा जन्मदाखला, म्हणजे आईबाप म्हणून आपली नावं असलेला. आपल्या दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणि चर्चमधल्या लग्नाचा दाखला. धर्मपिता-धर्ममातेचे (गॉडफादर-गॉडमदरचे) दृढीकरणाचे, म्हणजे कन्फर्मेशनचे, दाखले, शिवाय त्यांच्या धर्मग्रामाकडून एक पत्र. दोघंही सोळा पूर्ण झालेले, कॅथलिक, दृढीकरण झालेले हवेत. माझा दाखला काढायला वसईला माहेरच्या चर्चमध्ये गेले तर तो बसल्या बैठकीत मिळाला. तिथल्या क्लार्ककाकांनी जाड कापडी पाठीचं रजिस्टर उघडून माझी ओळ बोटाने दाखवली. ओळीत माझं नाव, जन्म, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता. शेजारच्या समासात वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात दृढीकरणाची तारीख आणि त्याखाली माझ्या लग्नाची नोंद. माणूस कुठेही जाऊन राहिला, तरी त्याची दृढीकरणाची, लग्नाची नोंद परत ह्याच ओळीपाशी येऊन पडते. म्हणून त्या ओळीत काय लिहिलं जातं ह्याला इतकं महत्त्व आहे.

आता शहरातल्या आमच्या धर्मग्रामाकडे येते.

फॉर्म भरून दिला. ऑफिसातल्या बाईंनी तो वरून खाली वाचला, दत्तक आदेशाची प्रत पाहिली आणि पेन्सिल उचलली.

"खऱ्या आईचं नाव काय?"

"माझंच. वर लिहिलंय."

"तसं नाही हो. जन्म दिलेल्या आईचं."

"ते कुणालाच माहीत नाही. बालकल्याण समितीच्या आदेशात तसं लिहिलेलं आहे."

"मग तिथे 'अज्ञात' लिहावं लागेल. बापाच्या रकान्यातही. तुमची नावं शेऱ्यात, 'दत्तक' म्हणून. आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

लेक माझ्या कडेवर होती. तेवढ्यात तिने शिक्क्याच्या जांभळ्या पॅडवर बोट टेकवलं आणि तेच बोट फॉर्मच्या कोपऱ्यावर उमटवलं. बाईंनी फॉर्म परत केला. नवा भरून आणा म्हणाल्या.

म्हणजे रजिस्टरात माझ्या मुलीची आई अज्ञात, बाप अज्ञात, आणि आम्ही दोघं शेऱ्याच्या अरुंद रकान्यात. उद्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला दाखला लागणार, दृढीकरणाला लागणार, लग्न ठरलं की पुन्हा लागणार. दर वेळी कुठल्यातरी काउंटरवरचं माणूस ते आधी वाचणार आणि मग तिच्याकडे बघणार. एक गोष्ट स्पष्ट करते. आम्हाला काही लपवायचं नाही. आम्ही तिला आणायला गेलो होतो त्या दिवसाची गोष्ट ती रोज रात्री मागून मागून ऐकते, आणि आमच्याकडून एखादा तपशील राहिला तर आठवण करून देते. पण ती गोष्ट तिची आहे. कुणाला सांगायची, केव्हा सांगायची, हे तिनेच ठरवायचं. दत्तक प्रक्रियेतली कागदपत्रं सरकारसुद्धा गोपनीय ठेवतं. चर्चच्या दाखल्याने ती उघडी का करावीत?

पुढच्या खेपेला नवीन मागणी आली. ज्या संस्थेतून मूल आणलं तिचं ना-हरकत पत्र. मी कलम 63 दाखवलं. दत्तक आदेश झाल्यावर संस्थेची हरकत असण्याचा प्रश्नच उरत नाही, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, फादरांना विचारते. फादर रिट्रीटला गेलेले. ते परत आले तोवर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात स्नानसंस्कार करत नाहीत. पास्कानंतर बघू. पास्कानंतर गेलो तर सहायक फादरांनी आत बोलावलं. बोलायला मृदू होते ते, पण त्यांनी जो प्रश्न विचारला त्याने मी हादरले. "मूल मूळचं कुठल्या धर्माचं, ह्याची काही माहिती आहे का? उद्या कुणी तक्रार केली तर?"

भीती खरी असेल. हल्लीचे दिवस मलाही दिसतात. पण वेदीपाशी उभा राहून स्नानसंस्कार देणारा माणूस हे विचारतो, म्हणजे कमाल आहे. मूळचा ख्रिस्ती कोण असतो? मी वसईची. आमच्या घराण्यात किती पिढ्या चर्चला जातात ते कुणी मोजलेलं नाही. तरी माझ्या आईने मला जन्म दिला त्या क्षणी मी ख्रिस्ती नव्हते. मला चर्चमध्ये नेलं, कपाळावर पाणी ओतलं, नाव घेतलं, तेव्हा झाले. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात कार्थेजमध्ये होऊन गेलेला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन हेच लिहून गेला आहे, की ख्रिस्ती माणसं जन्मत नाहीत, घडवली जातात. स्नानसंस्काराच्या कुंडापाशी पोहोचेपर्यंत फादरांची पाटी, बिशपांची पाटी आणि माझ्या लेकीची पाटी सारखीच कोरी. मग तिच्या एकटीच्या मूळचा शोध कशाला?

त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून बायबलमधलं पौलाचं रोमकरांस लिहिलेलं पत्र काढलं. आठवा अध्याय लहानपणापासून ऐकत आले आहे, मिस्सात वाचलाही आहे, पण त्या रात्री तो मी आई म्हणून वाचला. पौल सांगतो, आपण देवाला अब्बा, बापा अशी हाक मारतो ती दत्तकपणाच्या आत्म्यामुळे. आणि लगेच पुढे म्हणतो, मुलं आहोत म्हणजे वारसही आहोत. गलतीकरांस लिहितानाही तेच, इफिसकरांस लिहितानाही तेच. पौल रोमन जगातला माणूस. त्या जगात दत्तक मुलगा म्हणजे पुरा मुलगा, पुरा वारस. त्याने विचार करूनच तसं लिहिलं. देवाचा पोटचा पुत्र एकच, येशू. बाकी आपण सगळे, पोपपासून माझ्यापर्यंत, देवाच्या घरात दत्तक आलेलो आहोत. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद 1265 मध्ये स्नानसंस्काराबद्दल हेच शिकवतो. आता सांगा, रजिस्टरातल्या प्रत्येक ओळीतला प्रत्येक माणूस देवाचं दत्तक लेकरू असताना शेऱ्यात 'दत्तक' फक्त एकीच्याच नावापुढे का?

खुद्द येशूचंच घ्या. मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं की पहिल्या पानावर वंशावळ. अब्राहामापासून दावीदापर्यंत, दावीदापासून योसेफापर्यंत. योसेफ रक्ताने बाप नाही, हे मत्तय त्याच पानावर सांगतो. तरी येशू दावीदाचा पुत्र ठरतो तो योसेफाच्याच ओळीतून, आणि बाळाचं नावही योसेफानेच ठेवलं. मत्तयाने योसेफाला शेऱ्यात टाकलं नाही.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, हे सगळं पटतंय, पण काउंटरवर रोमकरांस पत्र चालत नाही, नियम लागतो. त्याचं बरोबर होतं. वसईच्या ओळखीतून एका वयस्कर, निवृत्त फादरांपर्यंत पोहोचलो. त्यांनी आम्हाला चहा दिला, लेकीला बिस्किटं दिली आणि 1983 ची धर्मविधानसंहिता, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमांचं पुस्तक, काढून समोर ठेवली. त्यांनी काढून दिलेल्या कलमांचे आकडे लिहून घ्या.

कलम 110: नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेली मुलं ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुलं मानली जातात. एवढं एकच वाक्य. मी ते दोनदा वाचून घेतलं.

कलम 868: आईबापांची, निदान एकाची, संमती हवी आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा हवी. संस्थेच्या ना-हरकतीचा तिथे उल्लेख नाही.

कलम 870: टाकून दिलेल्या किंवा सापडलेल्या बाळाला, नीट चौकशी करूनही त्याचा बाप्तिस्मा आधी झाल्याचं सिद्ध होत नसेल, तर स्नानसंस्कार द्यावा. म्हणजे ज्याचं मूळ ठाऊक नाही असं लेकरू दाराशी आलं तर काय करायचं, ते ख्रिस्तसभेने आधीच ठरवून ठेवलंय. आत घ्यायचं.

आणि कलम 877, नोंदीचं. ह्याच्या तिसऱ्या भागावर ऑफिस अडून बसलं होतं, बहुतेक न वाचता. दत्तक मुलाच्या बाबतीत दत्तक घेणाऱ्यांची नावं नोंदवायचीच. जन्मदात्यांची नावं नोंदवायची ती निदान त्या प्रदेशाच्या नागरी नोंदीत तसं करत असतील तेव्हा, आणि तिथल्या बिशपांच्या परिषदेचे नियम पाहून. आमच्या जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून आमचीच नावं आहेत, दुसरी कुठलीही नाहीत. मग 'अज्ञात' लिहायचा आग्रह कुठून आला?

फादरांनी जन्मदात्यांच्या नावांमागचं कारणही समजावून सांगितलं, तेही लिहिते, कारण ते रास्त आहे. पुढे मुलाचं लग्न ठरताना रक्ताच्या नात्यात लग्न होऊ नये म्हणून जुन्या नोंदींचा आधार लागतो. दत्तक नात्यानेही लग्नाला अडथळा येतो, कलम 1094. म्हणजे चर्चला माहिती हवी असते ती पुढच्या काळजीपोटी. पण त्यासाठी ती दाखल्यावर छापायची गरज नाही. दत्तक आदेशाची प्रत वेगळ्या बंद फाईलमध्ये ठेवता येते. फादर एवढंच म्हणाले, "बाई, भांडू नका. लेखी द्या."

मग लेखी दिलं. मुख्य फादरांच्या नावे मराठीत अर्ज केला, चारही कलमांचे आकडे घातले, नागरी कायद्याचं कलम 63 घातलं, जन्मदाखल्याची प्रत जोडली, आणि प्रतीवर ऑफिसचा शिक्का व तारीख घेतली. हा शिक्का घ्यायला विसरू नका. तोंडी बोलण्याला तिथे कुणी उत्तर देत नाही, आवक क्रमांक पडलेल्या कागदाला द्यावं लागतं. एक प्रत धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात दिली. तिथल्या फादरांनी अर्ज माझ्यासमोरच वाचला, मान हलवली आणि म्हणाले, ह्यात विचारण्यासारखं काय आहे? त्यांचं पत्र धर्मग्रामात पोहोचलं आणि इतके दिवस अडलेलं काम हललं.

मुख्य फादरांनी आम्हाला बोलावून घेतलं. क्षमा मागितली नाही, पण रजिस्टर आमच्यासमोर उघडलं आणि पेन्सिलीने ओळ आखून दाखवली. आईच्या रकान्यात मी, बापाच्या रकान्यात माझा नवरा, शेरा रिकामा. "असं चालेल?" मी हो म्हणाले. माझा गळा दाटून आला होता. हे पेन्सिलीने आधी दाखवून घेणं फार महत्त्वाचं आहे. शाईने लिहिलेली नोंद नंतर खोडत नाहीत, चूक झाली तर समासात दुरुस्ती लिहितात, आणि मग ती दुरुस्ती कायमची सोबत राहते.

स्नानसंस्कार रविवारच्या मिस्सात झाला. दाराशी फादरांनी विचारलं, ह्या बालकाला कोणतं नाव देता? आम्ही दोघांनी एकदम सांगितलं. ख्रिस्तसभेकडून काय हवं? स्नानसंस्कार. मग फादरांनी तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, त्यांच्यामागून आम्ही केली, धर्मपिता-धर्ममातेने केली. लेक अडीच वर्षांची, चांगली जाणती. पाणी ओतलं तेव्हा रडली नाही. केसांतून पाणी निथळून कानात गेलं तशी तिने मान झटकली आणि आपल्या धर्ममातेची साडी भिजवली. क्रिझमचं सुगंधी पवित्र तेल लावलं त्याचा वास तिला इतका आवडला की घरी पोहोचेपर्यंत ती डोक्याला हात लावून तो हुंगत होती. माझी आई वसईहून आली होती. तिने पांढरं वस्त्र स्वतः शिवलं होतं, माझ्या बाप्तिस्म्याच्या झग्याची लेस उसवून ह्याला लावली होती. पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती नवऱ्याने धरली. चर्चभर लोक उभे होते आणि त्यातल्या कुणालाही रकान्याबद्दल काही माहीत नव्हतं. मला तेच हवं होतं. देवाच्या घरात एक लेकरू आलं, एवढंच लोकांनी पाहिलं.

राहिलेल्या गोष्टी जशा आठवतात तशा सांगते. मूल सात वर्षांचं पूर्ण झालं असेल तर नियम बदलतात, त्याला प्रौढासारखी तयारी करावी लागते. तेव्हा मोठं मूल दत्तक घेणाऱ्यांनी आधीच चौकशी करावी. आईबापांसाठीचा तयारीचा वर्ग असतो, तो चुकवू नका. आमच्या वर्गात चांगली चर्चा झाली आणि तिथली दोन कुटुंबं आता आमची जवळची झाली आहेत. संस्थेत मूल असताना कुणी बाप्तिस्मा दिला होता का, हे संस्थेला एकदा लेखी विचारून ठेवा. शंका राहिली तर सशर्त स्नानसंस्कार (आधी झाला नसेल तर हा, असं म्हणून) देतात, त्यात काही अवघड नाही. जन्मदाखला नव्या नावाने हातात येईपर्यंत ऑफिसात जाऊच नका. नुसत्या दत्तक आदेशावर गेलात की पहिला प्रश्न खऱ्या आईचा येतो. आणि तो आलाच तर शांतपणे आपलं नाव सांगा, पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा. काउंटरवर मुलाला शक्यतो नेऊ नका. त्यांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं.

नोंद झाल्यावर दाखल्याच्या दोन प्रती लगेच काढा आणि तिथेच उभं राहून वाचा. आमच्या पहिल्या प्रतीत टाईप करणाऱ्याने सवयीने शेऱ्यात पुन्हा 'दत्तक' लिहिलं होतं. रजिस्टर उघडायला लावलं, रिकामा रकाना दाखवला, ती प्रत रद्द करून घेतली आणि नवी घेतली.

माझ्या अर्जाचा मजकूर ज्यांना हवा असेल त्यांनी मागावा, मी देते. आमच्या नावांच्या जागी तुमची नावं घाला, कलमांचे आकडे तसेच ठेवा, आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.